पिवळ्या शाईचा शुक्रवार

पहाटेचं घर गप्प होतं. सासूबाई झोपलेल्या, सासरे झोपलेले, नवरा रोहिदास रात्रपाळीला गेलेला, आणि सहा वर्षांची समृद्धी अंथरुणात आडवी-तिडवी पसरून सगळ्यांच्या वाटची झोप एकटीच घेत असलेली. पूनम परातीत कणीक मळत होती. दिवसातला हा एवढाच तुकडा असा, की त्यात तिला कुणी हाक मारत नसे. म्हणून ती कणीक गरजेपेक्षा जरा जास्तच मळायची. तेवढ्यात भिंतीकडून ‘टुक्’ असा बारीक आवाज आला. खिळा सुटला होता. तिनं मान वर करेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर सरळ परातीत येऊन पडलं.

यात खिळ्याचा काही दोष नव्हता. त्या बिचाऱ्यानं किती पेलायचं? कॅलेंडरला गॅसची पावती टाचलेली होती, समृद्धीचं लसीचं कार्ड होतं, बचत गटाची पत्रिका होती, सासऱ्यांच्या चष्म्याचा नंबर होता, कुणाच्या तरी साखरपुड्याचं आमंत्रण होतं आणि रोहिदासच्या पाळ्यांचा कंपनीनं दिलेला तक्ता कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं लटकवलेला होता. कणकेतून एकेक कागद सोडवताना गॅसच्या पावतीखालून शाळेची चिठ्ठी निघाली. ‘वेशभूषा स्पर्धा. विषय : भाज्या व फळे.’ तारीख कणकेनं अर्धी झाकलेली.

“अगं बाई, आजच!” पूनमच्या तोंडून निघालं, आणि पहाटेची शांतता तिथंच संपली.

पुढच्या तासाभरात तिनं जे केलं, त्याला खरं तर बक्षीसच मिळायला हवं होतं. स्वतःचा जांभळा परकर समृद्धीला गळ्यापासून घातला, आत दोन उशा कोंबल्या, आणि रोहिदासचं कंपनीतलं जुनं हिरवं हेल्मेट देठ म्हणून डोक्यावर ठेवलं. भरताचं चांगलं टपोरं वांगं झालं. शाळेची व्हॅन आली तेव्हा ते वांगं दारातून आत जाईना. ड्रायव्हर आणि पूनम, दोघांनी मिळून ते आडवं करून बसवलं. मग पूनम पळत जाऊन रांजणगावच्या कंपनीची बस पकडून मोकळी झाली, आणि खिडकीला डोकं टेकून तिला वाटलं, जमतंय आपल्याला. थोडी धावपळ होते, पण जमतंय.

अकराच्या सुमाराला मोबाईलवर अनुपमा मॅडमचा, म्हणजे समृद्धीच्या वर्गशिक्षिकेचा, मेसेज आला. ‘ताई, समृद्धी आज वांगं का झाली आहे? स्पर्धा काल झाली.’

संध्याकाळी समृद्धी घरी आली ती हेल्मेट काखेत घेऊन. रडली नाही. रडली असती तर पूनमला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “मी बाकावर मावत नव्हते ना मम्मी, म्हणून मॅडमनी मला सतरंजीवर बसवलं. आणि डब्यात भाजी कुठली दिलेली माहितीये? वांग्याची.”

पूनम कंपनीत स्टोअरला होती. तिथं मांडण्यांवर हजारो नट-बोल्ट, वायसर आणि पट्टे. कुठला कप्पा, कितवी ओळ, हे तिला डोळे झाकून सांगता यायचं. साहेब तिच्याकडे बोट करून नव्या मुलांना सांगत, “मॅडमच्या स्टोअरमध्ये वस्तू हरवत नाही.” आणि अशा बाईची मुलगी दिवसभर सतरंजीवर वांगं होऊन बसली होती. त्या रात्री ताटं घासताना पूनमनं ठरवलं : यापुढं पोरीची एकही तारीख चुकणार नाही. आणि त्यासाठी आपल्याला पाहिजे एक नीट, कागदाचं, जाडजूड प्लॅनर.

“मोबाईलमध्ये टाक की,” रोहिदास म्हणाला.

मोबाईलमध्ये टाकून झालं होतं. पण घरात तो मोबाईल पूनमचा फक्त नावाला. त्यावर समृद्धी कार्टून बघायची आणि मधे आठवण वाजली की ती माशी हाकलावी तशी बोटानं हाकलायची. सासूबाई त्यावर भावाशी तासभर बोलायच्या. सासरे त्याची बॅटरी लावून विहिरीत पाणी किती आहे ते बघायचे. नाही, कागदच पाहिजे होता. कागदावर कार्टून लागत नाही.

पण प्लॅनर निवडणं हे नवरा निवडण्यापेक्षा अवघड निघालं. नवऱ्याच्या वेळी निदान दोनच स्थळं होती.

पहिलं आलं ते खताच्या दुकानातून. सासऱ्यांनी, म्हणजे हरिबा आबांनी, मोठ्या मायेनं आणून दिलं. “फुकाट हाय, आन् शिवाय ज्ञान बी हाय.” ज्ञान होतंच. प्रत्येक पानावर वर फुलकिडे नाहीतर करप्याचा फोटो आणि खाली फवारणीचं प्रमाण. पूनमनं ‘समृद्धी – दात दाखवणे’ असं लिहिलं, त्याच्यावर बरोबर खोडकिडीचं चित्र आलं. तिला ते बघवेना.

दुसरं शिरूरच्या बाजारातल्या स्टेशनरीवाल्याकडं मिळालं. कव्हर छान, पानं गुळगुळीत. घरी येऊन उघडलं तर मागच्या वर्षाचं. परत न्यायला गेली तर दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, “ताई, तारखा त्याच असत्यात. वार तेवढा एकेक पुढं सरकवायचा. उलट डोक्याला व्यायाम.” डोक्याला व्यायाम नको म्हणूनच तर ही खटपट चालली होती, पण हे त्याला समजावण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

मग ती ऑनलाइन शिरली. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता ती प्लॅनर बघत सुटली. रोजचं, आठवड्याचं, उभं, आडवं, तारखांचं, बिनतारखांचं. एकात दिवस सकाळी आठला सुरू होत होता. पूनमचा आठपर्यंत एक दिवस जगून झालेला असायचा. एकात रोज विचारलं होतं, आज स्वतःसाठी काय केलंत? तिनं प्रामाणिकपणे विचार केला, आणि तिला आठवलं ते एवढंच, की काल आंघोळीला गेल्यावर बाहेरून कुणी कडी वाजवली नव्हती. एकाच्या फोटोत पांढरं टेबल होतं, त्यावर ते प्लॅनर, एक फूल आणि वाफाळता कप. बाकी टेबल रिकामं. पूनम तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघायची. खरं सांगायचं तर तिला प्लॅनरपेक्षा ते टेबलच जास्त आवडलं होतं. पण टेबल विकायला नव्हतं. तिनं प्लॅनर मागवलं. सोबत पाच रंगांची पेनं.

ते आलं दौंडला. समृद्धीच्या बाळंतपणाला ती माहेरी होती तेव्हाचा पत्ता मोबाईलनं जपून ठेवला होता. माणसं विसरतात, पण मोबाईल नको ते लक्षात ठेवतो. दौंडहून भावाचा, विश्वजीतचा फोन आला. “तायडे, वही लय भारी पाठवलीस!”

“उघडलीस?”

“मग? माझ्यासाठीच ना?”

एका सुट्टीच्या दिवशी समृद्धीला सोबत घेऊन ती एसटीनं धक्के खात दौंडला गेली. तोपर्यंत विश्वजीतनं पहिल्या पानांवर आपल्या क्रिकेटच्या संघाची यादी, कुणी कधी सरावाला दांडी मारली त्याचा हिशोब, आणि ‘माझी ध्येये’ या पानावर ‘शंभूला परत कॅप्टन करायचा नाही’ एवढं एकच ध्येय लिहून ठेवलं होतं. आईनं ताटभर आग्रह केला. निघताना आई हळूच म्हणाली, “वहीसाठी का व्हईना, आलीस. असंच काहीतरी पत्ता चुकवून मागवत जा.” येताना बसमध्ये समृद्धी मांडीवर झोपली, आणि पूनमला कळेना, आपल्याला हसू येतंय का दुसरं काही.

घरी येऊन तिनं पेनांची वाटणी केली. हिरवं आबांचं, लाल सासूबाईंचं, निळं रोहिदासचं, काळं कंपनीचं. समृद्धीनं पिवळं आधीच मुठीत धरून ठेवलं होतं. “हे माझं. माझ्या व्हॅनचा रंग.”

पिवळं उठून दिसत नाही हे पूनमच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण जी मुलगी वांगं होऊन सतरंजीवर बसली आणि रडली नाही, तिला पेनाचा रंग बदल म्हणायचा धीर कुठल्या आईला होईल? आणि दारातल्या उन्हात धरलं तर ते पिवळं चकचकीत दिसतही होतं. शाळेच्या गॅदरिंगची तारीख आली होती, जानेवारीतला शुक्रवार. पूनमनं त्या चौकोनात पिवळ्या शाईनं लिहिलं : ‘समृद्धी – गॅदरिंग – अकरा वाजता – मी जाणार म्हणजे जाणार.’ आणि विसरायला नको म्हणून प्लॅनरची रेशमी दोरीही त्याच पानात घातली. मग तिनं सासू-सासऱ्यांसकट सगळ्या घराला जाहीर केलं.

“आत्या, मामा, आता सगळ्यांनी ऐका. यापुढं तोंडी काही चालणार नाही. जे या वहीत दिसंल तेच धरायचं. वहीत न्हाई ते न्हाईच.”

“मंग तिला देवापुढं ठेव की आधी,” सासूबाई, वच्छलाबाई म्हणाल्या. “नवी वही अशी कोरी वापरत्यात व्हय? उद्या चंपाषष्ठी हाय.”

कोरी नव्हती, तिच्यात विश्वजीतचा शंभू होता. पण पूनमनं वही देव्हाऱ्यापुढं ठेवली.

हरिबा आबांनी आयुष्यातली बरीच वर्षं मेंढरांमागं डोंगर-माळ तुडवण्यात घालवली होती; आता कळप नाही, थोडी शेती आहे, पण खंडोबावरचा जीव तसाच. चंपाषष्ठीला सकाळी त्यांनी पूजा केली, भंडाऱ्याची मूठ भरली आणि वही उघडली. उघडायची कुठं? तर जिथं दोरी होती तिथं. सुनेनं खूणच घालून ठेवली होती ना. “येळकोट!” असं म्हणून त्यांनी त्या पानावर अख्खी मूठ रिती केली, आणि हळद नीट बसावी म्हणून वही मिटून वरून दोन थापा दिल्या.

कंपनीतून आल्यावर पूनमनं वही अंगणात झटकली. पानांवर पिवळेपणा राहिला होता. राहू दे, तिला वाटलं, देवाचं आहे.

रोहिदासनं वहीला ड्रिलनं भोक पाडलं, सुतळी ओवली आणि कॅलेंडरच्या जागी नवा, दणकट खिळा मारून ती टांगली. “आता पडायची न्हाई.” मग जे झालं ते पूनमच्या कल्पनेपलीकडचं होतं. घरच्यांनी वही मनावर घेतली.

आबांनी हिरव्या पेनानं लाईटीचे आठवडे लिहून घेतले. कुठल्या आठवड्यात मोटारीला दिवसाची लाईट, कुठल्या आठवड्यात रात्रीची. वच्छलाबाई लिहीत नसत, त्या लाल टिकली काढत. एक टिकली म्हणजे बचत गट, दोन म्हणजे उपास, तीन म्हणजे कुणाकडं तरी जायचंय पण कुणाकडं ते आठवत नाही. रोहिदास पाळ्या लिही. इथवर ठीक होतं. पण शेजारच्या सोजरबाई मीठ मागायला आल्या, त्यांनी भिंतीवरचा हा प्रकार बघितला आणि हनुवटीला बोट लावलं.

“आगं, मंग माझ्या म्हशीचं बी लिव की. डॉक्टर दर बारीला इचारतो, कवा भरवली? आता माझ्या ध्यानात ऱ्हातंय व्हय? म्हशीच्या तर आजिबात न्हाई.”

पूनमनं म्हशीचं लिहिलं. ही चूक झाली. दोन दिवसांत वस्तीवर कळलं, की रोहिदासच्या बायकोकडं वही आहे आणि तिच्यात लिहिलं की काम होतं. कुणी कांद्याच्या रोपाची तारीख घेऊन आलं, कुणी पोराच्या परीक्षेची. सोजरबाई तर मीठ न मागता येऊ लागल्या. पूनम संध्याकाळी बसमधून उतरायची तेव्हा ओट्यावर दोघं-तिघं बसलेली असत, तलाठ्याच्या दारात बसतात तशी. ती पाय न धुता आधी लिहायची. सही तेवढी करायची बाकी होती.

एक गोष्ट मात्र खरी : सगळं ठरल्या दिवशी होत होतं. कुणाचं काही चुकत नव्हतं. पूनमला तर गंमत अशी दिसली, की पूर्वी तिला चार गोष्टी करायच्या असत आणि त्यातल्या दोन ती विसरायची. आता बारा होत्या आणि एकही विसरायची सोय नव्हती.

इकडं समृद्धी गॅदरिंगमध्ये मेंढरू झाली होती. हरवलेली कोकरं एकेक करून घर शोधतात आणि पळून जातात, असा नाच होता. मॅडमनी कापसाचा पोशाख सांगितला होता. आबा भडकले. “कापसाचं मेंढरू? ते मेंढरू का देवाची वात?” त्यांनी पेटीतली जुनी काळी घोंगडी काढली, सुई-दोरा घेतला आणि नातीला खऱ्या लोकरीचं मेंढरू केलं. ते टोचत होतं, आणि त्याला वासही खराच होता.

“मम्मी, तू येणार ना?” समृद्धी रोज विचारायची.

“वहीत लिहिलंय,” पूनम म्हणायची. “वहीत लिहिलंय म्हणजे येणार.”

गुरुवारी संध्याकाळी, रजा मंजूर करून घेऊन, पूनम घरी आली आणि उद्याचं पान निवांत बघावं म्हणून खिळ्यावरून वही काढली. शुक्रवारचा चौकोन गच्च भरलेला होता.

हिरव्यात : ‘सकाळी शिरूर. आधार सेंटर. अंगठा. पूनम बरोबर.’ लाल टिकली, आणि शेजारी रोहिदासच्या अक्षरात, ‘बचत गट आपल्या घरी. बँकेच्या मॅडम येणार. चहा पूनम.’ निळ्यात : ‘बदली पहिली पाळी. पूनम घरी आहे.’ आणि पेन्सिलीनं, तिरकं : ‘सोजरबाई म्हैस डॉक्टर पूनम.’

पूनमनं वही सगळ्यांपुढं धरली. “हे कुणी लिहिलं? उद्या समृद्धीचं गॅदरिंग हाय!”

“कुठं हाय?” आबा म्हणाले. “मोकळंच व्हतं की पान. आक्ख्या आठवड्यात तेवढंच मोकळं. म्हनलं, पोरगी रिकामी हाय त्या दिशी.”

“मी बी तेच बघितलं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “गॅदरिंग हाय हे म्हाईत व्हतं गं बाई, पर कवा त्ये कुठं म्हाईत? वहीत न्हाई ते न्हाई, असं तूच म्हनलीस.”

पूनमनं पान बल्बखाली धरलं. तिरकं केलं. भंडाऱ्याच्या पिवळ्यावर, हिरव्या-निळ्या अक्षरांच्या मागं, अगदी निरखून पाहिलं तेव्हा कुठं पुसट दिसलं : ‘मी जाणार म्हणजे जाणार.’

आबांनीही वाकून बघितलं. मग आपल्या हाताकडं बघितलं.

“देवाचाच भंडारा,” आबा हळू आवाजात म्हणाले, “आन् लेकराच्याच नावावर पडला म्हना की.”

आधारचं टाळता येत नव्हतं. आबांचा अंगठा यंत्राला लागत नव्हता म्हणून रेशन अडलं होतं, आणि पूर्वी एकदा रांगेत उभं राहून त्यांनी हा शुक्रवारचा नंबर मिळवला होता. रोहिदासनं पाळी बदलून घेतली होती. बदली माणूस लग्नाला पोचला होता. पूनमनं हिशोब मांडला : सेंटर उघडताच अंगठा, मग अकराला शाळा, दोन्ही शिरूरातच. मग घरी येऊन चहा. म्हैस मधे कुठंतरी. प्लॅनर खिळ्यावरून काढून तिनं सुतळीसकट पिशवीत टाकलं.

सकाळी व्हॅनमध्ये चढताना काळ्या मेंढरानं मागं वळून विचारलं, “येणार ना?”

“तुझ्या आधी पोचते बघ,” पूनम म्हणाली.

आधार सेंटरमधल्या मुलानं आबांचा अंगठा यंत्रावर दाबला. यंत्र म्हणालं, नाही. ओल्या फडक्यानं पुसून दाबला. नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. नाही. आयुष्यभर कातरी, दोर आणि लोकर हाताळून आबांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या होत्या.

“बाबा, जरा जोर लावा.”

“आरं, जोर लावला तर तुझं यंत्र फुटंल.”

“सर्व्हर स्लो हाय, थांबा.”

पूनम घड्याळाकडं बघत थांबली. फोन वाजला. सोजरबाई. “आगं, डॉक्टर आलाय, म्हशीची तारीख सांग!” पूनमनं सेंटरच्या टेबलावर प्लॅनर उघडून तारीख सांगितली, रांगेतल्या दोघांना वाटलं ही इथलीच साहेब, ते आपले कागद घेऊन तिच्यापुढं उभे राहिले. फोन ठेवते तोवर सासूबाईंचा. साखर कुठं आहे? मग पुन्हा सोजरबाई. “डॉक्टर म्हनतोय, ही तारीख असंल तर म्हैस गाभण न्हाई, नुसती जाड झालीया. नीट बघ की वहीत!”

“वहीत म्हशीच्या पोटातलं दिसत न्हाई हो, सोजरमावशी!” पूनम एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की सेंटर गप्प झालं. तेवढ्या शांततेत यंत्रानं बारीक ‘टुंई’ केलं. सर्व्हर पडला होता.

“आता जेवणानंतरच,” मुलगा म्हणाला.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. पूनमनं प्लॅनर मिटलं. “चला मामा.”

“आन् रेशन? नंबर जाईल की.”

“जाऊ दे. रेशन परत येईल.”

आबांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, डोक्यावरचं लाल पागोटं दाबून बसवलं आणि काठी उचलली. रिक्षा मिळाली, पण शाळेच्या फाटकाशी वॉचमननं हात आडवा केला. एका मुलामागं एकच पास. पूनमचा पास प्लॅनरच्या खिशात होता, निघाला. आबांकडं पास नव्हता. वॉचमननं त्यांचं धोतर, खांद्यावरची घोंगडी आणि हातातली काठी बघितली आणि कपाळावर हात मारला. “अहो, कलाकार मागच्या दारानं! केव्हाचा तुमचाच नाच चालू हाय!” आणि आबांना दंडाला धरून तो मागं घेऊन गेला.

पूनम मांडवात शिरली तेव्हा गाणं संपून गेलं होतं. पांढरी कोकरं केव्हाच पळून गेली होती. स्टेजच्या बरोबर मधोमध एकच काळं मेंढरू चार पायांवर बसलं होतं, आणि उठायला तयार नव्हतं. ते समोरच्या गर्दीत एकेक तोंड बघत होतं. विंगेतून अनुपमा मॅडमचा दबका आवाज माईकमधून सगळ्यांना ऐकू येत होता, “समृद्धी, ये आत. बेटा, संपलं. समृद्धी!” लोक हसायला लागले होते. पुढच्या डान्सच्या पऱ्या कडेला खोळंबल्या होत्या.

पूनमला हाक मारायची होती, पण दम लागून आवाज फुटेना. म्हणून तिनं हातातलं प्लॅनर उंच धरलं आणि सुतळीसकट हलवलं. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं, विंगेतून, आबा स्टेजवर आले. त्यांनी नातीला एकटी बसलेली बघितली, आणि आजूबाजूला कोण आहे याचा विचार न करता जिभेनं ‘टर्रर्र... हिर्रर्र’ अशी साद घातली, ज्या सादेवर कधीकाळी सगळा कळप माळावरून वळायचा.

मेंढरानं आबांकडं बघितलं. मग गर्दीत उंच धरलेली वही बघितली. “आली!” असं ओरडून ते दोन पायांवर उभं राहिलं, आणि आबांच्या घोंगडीत शिरून नाहीसं झालं. मांडवात टाळ्या पडल्या. पाहुण्यांना हे सगळं बसवलेलंच वाटलं. सोहळ्याच्या शेवटी त्यांनी ‘जिवंत अभिनय’ म्हणून आबांनाच नारळ दिला.

घरी आल्यावर बचत गटाच्या बायका चहावाचून बसल्या होत्या. बँकेच्या मॅडमनी प्लॅनर बघून विचारलं, ताई, गटाचा हिशोब तुम्हीच का नाही ठेवत? पूनम हसली, कारण नाही म्हणायला जी ताकद लागते ती चहात गेली होती. सोजरबाई येऊन म्हशीबद्दल रुसून गेल्या. रोहिदास पाळीवरून आला, झालेलं ऐकलं, आणि सगळे कप विसळले. आबा देव्हाऱ्यापुढं नारळ ठेवून आपला अंगठा उजेडात धरून बघत बसले.

दिवस कलल्यावर पूनम ओट्यावर टेकली. समृद्धी अजून घोंगडीतच होती. काढायला तयार नव्हती. तिनं वही मांडीवर ओढली. आता तिला वाचता येऊ लागलं होतं, पण वाचण्यापेक्षा रंग ओळखणं तिला जास्त आवडायचं.

“इथं हिरवं. या दिवशी तू आबांची. इथं लाल, आज्जीची. इथं काळं, कंपनीची. काळं लय आहे मम्मी. इथं पेन्सिल... या दिवशी तू म्हशीची.” ती खुदकन हसली. मग शुक्रवारच्या चौकोनाला नाक लावून तिनं हळद हुंगली. “आणि इथं खाली माझी.”

“हो,” पूनम म्हणाली. “इथं तुझी.”

समृद्धीनं बरीच पानं उलटली. पुढं कुठंतरी, मार्चच्या मधे, तिचं बोट एका चौकोनावर थांबलं. तो पांढरा होता. पूनमनं सवयीनं वही हातात घेतली, मावळत्या उजेडाकडं तिरकी धरली, पुसटसं काही पिवळं दिसतं का म्हणून निरखून बघितलं. काहीच नव्हतं. खरोखर कुणीच काही लिहिलं नव्हतं.

“मम्मी,” समृद्धीनं तिच्या दंडाला लोकर घासत विचारलं, “मग या दिवशी तू कुणाची?”